वाकलं की बरं वाटायचं

माझ्या आजाराचा सगळा घोळ मॉलच्या ट्रॉलीने घातला.

एरवी डोंबिवलीत घरापासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जायचं म्हटलं तरी माझे पाय जड व्हायचे, मांड्या-पोटऱ्यांत कळ जायची आणि वाटेत कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागायचं. टेकलं की थोड्या वेळात सगळं गायब. उठून चालायला लागलं की पुन्हा तेच. आणि हीच मी, मुलीबरोबर ठाण्याला मॉलमध्ये गेले की ट्रॉलीच्या दांड्यावर कोपरं टेकून, जराशी पुढे वाकून, तांदळापासून फिनाइलपर्यंतच्या सगळ्या रांगा पालथ्या घालायचे. मुलगी दमायची. मी म्हणायचे, चल, अजून एक चक्कर मारू.

यजमान हे सगळं बघत होते. त्यांची उभी नोकरी सरकारी कचेरीत, लोकांच्या अर्जांत खोट काढण्यात गेली. "भाजी आणायची म्हटली की पाय दुखतात," ते एकदा जेवता जेवता म्हणाले, "मॉलमध्ये मात्र पळतात. पायांना एसी लागतो का?" मुलगी हसली. मीही हसले, कारण मला स्वतःलाच उत्तर येत नव्हतं.

जिन्याचीही तीच तऱ्हा. आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना मी पुढे वाकून झपाझप चढायचे, पण उतरताना कठडा धरून, प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत. सोसायटीतल्या लोकांनी मला चढताना पाहिलं की ते माझ्या तब्येतीचं कौतुक करायचे आणि उतरताना पाहिलं की काळजी. मी कोणाला कधी दिसले यावर माझी प्रकृती ठरत असे.

पण भाजी, मॉल, जिना हे सगळं मी सोसलं असतं. मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. मी मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप चालवते. श्रावणात नव्या लग्न झालेल्या मुलींच्या घरी मंगळागौर असते, त्या घरांत आता कोणाला खेळ येत नाहीत, म्हणून आम्हाला बोलावतात. पूर्वी बायका रात्रभर जागवायच्या. आता हॉल दुपारी तीन ते सहा मिळतो, तेव्हा गौरही तीन ते सहा जागते. आम्ही सगळ्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसून, नथ घालून जातो आणि पंचविशीतल्या मुली आम्हाला मोबाइलवर टिपतात. आपापसात आम्ही एकमेकींना स्टेशनांवरून ओळखतो. कोपरवाली, टिटवाळेवाली, दिवेवाली. डोंबिवलीच्या बऱ्याच जणी असल्यामुळे आणि ग्रुप मी सुरू केल्यामुळे मी मात्र नुसती ताई.

या ग्रुपचा एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. खेळ सुरू झाला की कोणी बसायचं नाही. जिला बसायचं असेल तिने प्रेक्षकांत जाऊन बसावं आणि मग तिथलीच व्हावं. एका वर्षी दोघी-तिघी मधेच खुर्च्यांवर बसून व्हॉट्सॅप बघू लागल्या होत्या, तेव्हा मी कडाडले होते. नियम चांगलाच होता. तो आपल्यालाच लागू पडेल असं नियम करणाऱ्याला कधी वाटत नाही.

आणि माझ्या वाट्याला कामही नेमकं उभं राहण्याचं. म्होरकी मध्ये उभी राहून गाणं म्हणते, बाकीच्या पालुपद धरतात आणि खेळतात. मला कोंबडा घालायला सांगा, मी आनंदाने घालीन. उकिडवं बसून उड्या मारायच्या त्या खेळात माझ्या पायांना काही म्हणजे काही होत नसे. पायांचे अंगठे धरून गाठोडं होऊन लोळायलाही मी तयार. पण सरळ उभं राहून एक गाणं पुरं म्हणायचं म्हटलं की दुसऱ्या कडव्याला पाय परके व्हायला लागत. जे खेळ नव्या नवरीला झेपत नाहीत ते मी करत होते, आणि जे हॉलचा खांब दिवसभर करतो ते मला जमत नव्हतं. "नाचता येईना, अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," कोपरवाली म्हणायची, "हिला नाचता येतं आणि उभं राहता येईना!" ती माझी सगळ्यांत जुनी मैत्रीण. तिने चेष्टा केली की मी शिव्या घालायचे, आणि विषय तिथेच संपायचा, हेच मला हवं होतं.

मग मी एक युक्ती काढली. कडवं संपलं की गौरीसमोर कमरेत खोल वाकून नमस्कार करायचा आणि दोन श्वास तसंच राहायचं. वाकलं की पायांत पुन्हा जीव येई. पुढचं कडवं ताठ उभं राहून, मग पुन्हा नमस्कार. पहिल्याच कार्यक्रमाला नवरीच्या सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय श्रद्धा आहे हो ताईंची!" पुढच्या कार्यक्रमाला माझ्या सगळ्या बायका कडव्या-कडव्याला वाकायला लागल्या. छान दिसतं म्हणाल्या. कोणीतरी व्हिडिओ टाकला आणि दोन आठवड्यांत कल्याणच्या एका ग्रुपने तो प्रकार जसाच्या तसा उचलला. त्यांच्या निवेदिकेने माइकवरून सांगितलं म्हणे, की ही कोकणातली फार जुनी रीत आहे. माझ्या पायांचं दुखणं अशा रीतीने परंपरेत जमा झालं.

पण युक्ती किती दिवस पुरणार. श्रावणातल्या शेवटच्या कार्यक्रमाला, ठाण्यात खोपटजवळच्या एका हॉलमध्ये, नमस्कार करून उठले आणि पाय गेले. दुखले नाहीत, गेलेच. शेजारी कोपरवाली होती, तिने हात धरला, कोणीतरी मागून खुर्ची सरकवली आणि मी तीत बसले. लोकांना वाटलं हाही खेळच, टाळ्या पडल्या. मी बसूनच गाणं पुरं केलं. नंतर साड्या बदलताना नियमाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं, आता डॉक्टर गाठायचा. त्यांनी डॉक्टर सोडून सगळे गाठले. कट्ट्यावरच्या मित्रांनी फळीवर झोपायला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्यांनी कसलंसं काळं तेल दिलं, टिटवाळ्याच्या बाजूला एक हाडवैद्य आहे म्हणून एक जण पत्ता देऊन गेला. आणि ऑपरेशनचा नुसता शब्द निघाला की प्रत्येकाकडे एक मावशी होती. कोणाच्या वहिनीची मावशी, कोणाच्या साहेबांची मावशी. ती पाठीचं ऑपरेशन करायला चालत गेली आणि परत उठलीच नाही. त्या मावशीला स्वतः भेटलेला माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. पण यजमानांनी ती मावशी इतकी मनावर घेतली, की ते तिच्याबद्दल घरच्या माणसासारखं हळहळू लागले.

शेवटी मुलगीच मला ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. यजमान शंका काढायला बरोबर आले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझे पाय उचलून पाहिले, एमआरआयचे फोटो उजेडावर धरले आणि मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना बरं वाटतं का हो?"

मला रडूच आलं. इतके दिवस जी गोष्ट माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जात होती, ती या माणसाने माझ्या बाजूने विचारली. त्यांची तिथल्या तिथे मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी असं मला वाटलं. मी यजमानांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं मणक्यांचं चित्र फार बारकाईने वाचत होते.

डॉक्टरांनी समजावलं. कमरेच्या मणक्यांमधून पायांच्या नसा खाली उतरतात, ती वाट वयाबरोबर अरुंद होते. हाडं वाढतात, आतले बंध जाड होतात. ताठ उभं राहिलं की वाट आवळली जाते, पुढे वाकलं की जराशी मोकळी होते. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले, आधी व्यायाम, गोळ्या, कमरेत एखादं इंजेक्शन. त्याने भागलं नाही तर नसांना जागा करून द्यायची. पायांना बरं वाटायला हवं, मात्र कंबर पुन्हा विशीतली होईल असं मी सांगत नाही, हेही म्हणाले.

"हे फुगड्या घालून घालून झालं ना?" यजमानांनी विचारलंच.

"फुगड्या न घालणाऱ्यांनाही होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्हालाही होऊ शकतं."

व्यायाम केले, गोळ्या खाल्ल्या, इंजेक्शन घेतलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग पावलं बधिर व्हायला लागली, चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मी ऑपरेशनला तयार झाले. यजमान विज्ञानवादी आहेत, देवाधर्माचं काही मानत नाहीत. "मी मानत नाही," ते म्हणाले, "पण पितृपंधरवड्यात उगाच कशाला?" मग नवरात्र आलं. नवरात्रात घरची बाई आडवी नको. मग दिवाळी, दिवाळीत दवाखान्याचं तोंड कोण बघतं. मार्गशीर्षातले गुरुवार गेले, मग पौष लागला, आणि पौषात तर मानणारे आणि न मानणारे दोघंही काही करत नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर मी मुलीला फोन केला आणि तारीख परस्पर ठरवली.

आदल्या दिवशी मला भीती वाटत होती. मरणाची नव्हती. ती कधीही न भेटलेली मावशी माझ्याही डोळ्यांसमोर यायला लागली होती. यजमान खाटेशेजारी बसून माझ्या पायाचा अंगठा उगाचच दाबत होते. "हलव बघू," म्हणायचे. मी हलवला की बघत राहायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचे, हलव बघू. बायकोवर प्रेम आहे हे कबूल करण्याची ही कचेरीतली पद्धत असावी. मला ती फार आवडली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर यजमानांनी पुन्हा अंगठा हलवायला लावला, तो हलला तसे म्हणाले, बरी झालीस तू. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची मुलगी आली आणि तिने मला वॉकर धरून उभं केलं. जखम दुखत होती, पण पाय हलके होते, इतके हलके की माझेच वाटेनात. तरी मी वाकलेलीच उभी. "आजी, सरळ," ती म्हणाली. मी म्हटलं, आहे की सरळ. तिने आरसा दाखवला. दुखणं गेलं होतं, पण अंग त्याला अजून घाबरून होतं. ती रोज येऊन दटावायची आणि मी रोज थोडी थोडी उलगडायचे. घरी आल्यावर एकदा यजमान माझ्यासमोर उभे राहून चष्मा सारखा करत म्हणाले, "अगं, तू एवढी उंच होतीस?"

"लग्नाच्या आधीपासून," मी म्हटलं.

मग सुरू झाले ते पथ्याचे महिने. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कमरेत पिळायचं नाही, फार वेळ बसायचं नाही. उभं राहायचं आणि चालायचं. म्हणजे वर्षभर जे जमत होतं ते सगळं बंद आणि जे जमत नव्हतं ते सक्तीचं. चमचा खाली पडला की मी त्याच्याकडे वरून बघत उभी राहायचे, यजमान येऊन उचलायचे. कांदे-बटाट्यांची टोपली ओट्याखालून वर आली, चपला स्टुलावर आल्या. घर चार बोटं उंच झालं.

त्यात आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांची रीघ. ते शहाळं घेऊन यायचे, सोफ्यावर ऐसपैस बसायचे आणि मी डॉक्टरांच्या हुकमाने त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालायचे. त्यांना मान वळवून वळवून बोलावं लागे. एक बाई तर माझ्या डोळ्यांदेखत, मी स्वतःच्या पायांवर उभी असताना, त्या मावशीची गोष्ट सांगून गेल्या. ऑपरेशनला चालत गेली आणि परत उठलीच नाही! मी म्हटलं, चहा आणू का?

कल्याणहून माझी थोरली नणंद आली. तिचं वय ऐंशी, नमस्कार घेण्याची हौस अठराची. सवयीने तिने पाय पुढे केले. मी उभ्या उभ्या हात जोडले. "वन्सं, वाकायचं नाही सांगितलंय." तिने पाय काही मागे घेतले नाहीत. "ऑपरेशन कमरेचं झालं का मानेचं?" म्हणाली. यजमानांनी शेवटी माझ्या वतीने तिला नमस्कार केला, तेव्हा पाय मागे गेले.

पुढचा श्रावण जवळ आला तशी मी डॉक्टरांना विचारायला गेले. खेळू का? कोणकोणते खेळ, असं त्यांनी विचारलं. त्यांना कोंबडा माहीत नव्हता. मी हातांनीच समजावून सांगितला, तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "ते अजिबात नाही. फुगडी नाही. उभं राहा, चाला, गाणी म्हणा, टाळ्या वाजवा." म्हणजे झिम्मा, मी म्हटलं. झिम्म्यात जोडीजोडीने उभं राहून टाळ्या द्यायच्या असतात. डॉक्टर म्हणाले, चालेल.

त्या वर्षीचा पहिला कार्यक्रम डोंबिवलीतच होता. माझ्या गैरहजेरीत कोपरवाली ग्रुप सांभाळत होती. मी साडी नेसून, नथ घालून, यजमानांना घेऊन हॉलवर गेले, तर मधोमध खुर्ची. साधी नव्हे, लग्नात वधूवरांना बसवतात तसली लाल मखमलीची, वर झेंडूची माळ. "आज ताईंनी नुसतं बसून बघायचं," टिटवाळेवाली म्हणाली आणि माझ्या खांद्यावर शाल घातली. सगळ्या इतक्या मायेने बघत होत्या की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कोपरवालीला विंगेत ओढलं. "मी बसायला ऑपरेशन केलं का गं?"

"चिडतेस काय? मान आहे तुझा."

"मला मान नको. उभी राहायला जागा दे."

ती पदर खोचत होती. खोचून झाला तरी खोचतच होती. मग हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी तुझा हात माझ्या हातात होता. तू गात होतीस, हसत होतीस, आणि खाली चाललेलीस. मला वाटलं, गेली ही. तुम्हाला सगळ्यांना खुर्ची दिसली, मला तेवढंच दिसतं. तू उभी राहिलीस ना, की माझं गाण्यात लक्षच लागणार नाही. माझ्यासाठी बस की गं."

त्या दिवशी पडले ती मी एकटीच, असं मी वर्षभर धरून चालले होते. मी मुकाट्याने जाऊन मखमलीवर बसले.

कोपरवालीने गाणं उचललं. तिचा आवाज माझ्यापेक्षा खालचा लागतो, पण खेळ बरे चालले होते. मला वाटलं होतं त्याहून बरे. हे मान्य करताना मला त्या मऊ खुर्चीतही टोचलं. पिंगा झाला, फुगड्या झाल्या, नवरीला ओढून आणून घुमवून झालं. मग झिम्मा सुरू झाला आणि मी उठले.

उठले मात्र, दुसऱ्या रांगेतून यजमान धावले, नवरीच्या सासूबाई पाणी घेऊन आल्या, आणि एका मुलीने अदबीने बाथरूमकडे बोट दाखवलं. मी सगळ्यांना हातानेच थांबवलं आणि मध्ये नाही, रांगेच्या पार शेवटी, टिटवाळेवालीसमोर जाऊन उभी राहिले. तिने घाबरत घाबरत पहिली टाळी दिली, काचेचा पेला फुटेल अशा बेताने. "नीट वाजव," मी म्हटलं, "कमरेचं झालंय, हाताचं नाही."

कोपरवालीचं लक्ष माझ्यावर खिळलेलं. ती गात होती आणि बघत होती. एका ओळीत शब्द चुकली. मी तिच्याकडे बघून हसले, तर तिचा चेहरा आणखीच उतरला. गेल्या वर्षीही मी हसतच होते ना! मग मी हसायचं बंद केलं आणि नुसत्या टाळ्या देत राहिले. खरं सांगते, मीही तिच्याइतकीच घाबरले होते. दुसरं कडवं आलं. मी पायांत जडपणा यायची वाट बघत होते. तिसरं आलं. पाय गप्प होते.

गाण्याची लय वाढली. नवरी कोणाच्या तरी टाळीला चुकली, सगळ्या हसल्या, कोपरवाली तिला धरायला पुढे झाली आणि तिला नीट टाळी द्यायला शिकवू लागली. मग कोपरवालीने वरचा सूर घेतला, डोळे मिटून. एक कडवं गेलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचंही गेलं. फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायाचा अंगठा बघून यजमानांनी सांगितलं होतं, की मी बरी झाले. मी ते ऐकून घेतलं होतं, एवढंच. आता मात्र माझा विश्वास बसला. मला मोठ्याने ओरडून कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर तिने वळून बघितलं असतं.

म्हणून मी टाळ्या देत राहिले. कोपरवाली माझ्याकडे पाठ करून गात होती.